चौदा नंबरचा लेख

१ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
नवी वही. नियम तीन: रोज लिहायचं, खरं लिहायचं, खाडाखोड करायची नाही. (वरच्या ओळीत आधी ‘दररोज’ लिहून खोडलं आहे. ती धरायची नाही.)

काल जेवताना जे ठरलं ते आधी नोंदवते. मामाला बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान हवंय. तिथे मोबाइलची कव्हरं विकायचीत. म्हणाला, भावोजी, आठवड्यात दोन मशिनं येतात तुमच्याकडे, त्यातलं एक आमच्या ताईचं. आई म्हणाली, माझं मशीन बिघडतं कारण ते यांनीच दुरुस्त केलेलं असतं. बाबा हसले नाहीत. म्हणाले, पोरीने इंटरनेटवर ते काय सुरू केलंय, त्यावरून महिनाअखेरपर्यंत एक गिऱ्हाईक दुकानात आलं तर दुकान राहील. नाही आलं तर तीस तारखेला संध्याकाळी टेप घेऊन ये आणि भिंत मोज.

बाबा शब्द फिरवत नाहीत. ना इकडे, ना तिकडे.

म्हणजे सगळं माझ्या ब्लॉगवर आलं. हरकत नाही. अकरा लेख तयार आहेत. बाबांनी सांगितलेले, मी लिहिलेले. एक गिऱ्हाईक म्हणजे काहीच नाही. मी दहाची तयारी ठेवते.

२ नोव्हेंबर, दुपारी
एक व्हिडिओ पाहिला. ‘तुमचा ब्लॉग कुणी का वाचत नाही?’ त्यातला माणूस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, तुमच्या लेखांचे वेब पत्ते बघा.

बघितले. लाज वाटली. माझ्या सगळ्यात चांगल्या लेखाच्या पत्त्यात, म्हणजे मशीन टाके सोडत असेल तर काय करावं या लेखाच्या, नुसतं ‘?p=14’ आहे. मशीनचा उल्लेख नाही, टाक्यांचा नाही. शिवाय माझे लेख अकराच आहेत. मग चौदा कुठून आले? हे सरळ सरळ खोटं आहे आणि गेले चार महिने माझ्या नावावर खपतंय.

संकल्प: सगळे पत्ते बदलायचे. सर्चला आवडतील असे करायचे.

४ नोव्हेंबर, सकाळी ११.००
पत्ते बदलले. आता प्रत्येकात वर्ष, महिना, तारीख आणि मग शीर्षक. नीटनेटकं दिसतं.

दुकानात बसून केलं, कारण तिथे मन लागतं. एकशे बारा खण आहेत भिंतीवर, प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात नाव. सात वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं. मी या खणांवर वाचायला शिकले. स सुईचा, ब बॉबिनचा. वस्तू एका खणातून दुसऱ्यात हलवली की जुन्या खणात चिठ्ठी टाकायची, हे काम माझ्याकडे असे. मी आयुष्यात लिहिलेलं पहिलं वाक्य ‘इथला माल ३१ मध्ये आहे’ हे होतं. बाबांनी ते महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

त्या शिक्षणातून एक गोष्ट मी कायमची उचलली: बाहेर जे नाव, तेच आत हवं. आज ती कामाला आली.

५ नोव्हेंबर
रात्रभर तारखेचा विचार. टाक्यांचा लेख मी लिहिला सोमवारी, टाकला गुरुवारी. पत्त्यात गुरुवार आहे. वाचणाऱ्याला वाटणार, बाईंना गुरुवारी सुचलं. तारखा काढल्या. म्हणजे पत्ते पुन्हा बदलले. दुसऱ्यांदा आणि शेवटचे.

७ नोव्हेंबर, दुपारी ४.००
तिसऱ्यांदा बदलले. आता पत्त्यात पूर्ण आणि खरं वाक्य. टाक्यांच्या लेखाचा पत्ता: ‘मशीन-टाके-सोडत-असेल-तर-बहुधा-सुई-उलटी-बसली-आहे-पण-दर-वेळी-तेच-असेल-असं-नाही-मग-शटल-बघा’. समाधान वाटलं. यात एक अक्षर खोटं नाही.

मामाला पाठवला, म्हणजे त्याला कळेल कुणाशी गाठ आहे. पाठवताना मराठी अक्षरांची टक्क्यांची चिन्हं आणि आकडे होतात असं दिसतं. मामाचा फोन वीस ओळी भरला. त्याने आईला फोन करून विचारलं, पोरगी बरी आहे ना? आणि माझा नंबर ब्लॉक केला.

१० नोव्हेंबर, सकाळी ८.३०
व्हिडिओतल्या माणसाचा दुसरा व्हिडिओ. पत्ता पाच शब्दांपेक्षा मोठा नको. बारीकसारीक शब्द गाळा: आणि, पण, तर, नका, नाही.

हे आधी सांगायला हवं होतं त्याने. गाळले. चौथ्यांदा. आता खरंच शेवटचे.

१० नोव्हेंबर, सकाळी १०.१५
घात झाला असता. ‘मशीनमध्ये तेल जास्त घालू नका’ या लेखाचा पत्ता झाला होता ‘मशीनमध्ये-तेल-जास्त-घालू’. पावणेदोन तास तो पत्ता जगासमोर होता. एखाद्या बाईने तेवढाच वाचून बाटली उपडी केली असेल तर? बाबांना विचारलं, मशीन तेलात बुडालं तर वाचतं का? म्हणाले, कुणाचं बुडालं? म्हटलं, अजून कळलं नाही.

‘नका’ परत घातला. एकाला घातला म्हणून बाकी दहांनाही त्यांचे शब्द परत दिले. न्याय सगळ्यांना सारखा. सात तारखेचेच पत्ते परत आले, म्हणून ही वेळ मोजायची नाही.

१२ नोव्हेंबर
एक कबुली. आजवर ब्लॉगवर रोज किती माणसं येतात ते मी बघितलं नव्हतं. भीती वाटत होती. आज बघितलं.

काल एकेचाळीस!

अंगावर काटा आला. आईला दाखवलं. ती म्हणाली, चांगलंय की, काय वाचतात? बघितलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांनी एकच पान वाचलंय. ‘हे पान सापडलं नाही’ नावाचं.

हे मी लिहिलेलं नाही. ब्लॉगसोबत आपोआप येतं. तरी माझ्याच ब्लॉगवर आहे आणि लोकांना आवडतंय. वाईट एवढंच वाटतं की त्यात एकच ओळ आहे. इतक्या दुरून माणूस आला आणि त्याच्या हातावर एक ओळ?

१३ नोव्हेंबर, दुपारी १२.००
लेखांखाली प्रतिक्रियाही आल्यात. बदलांच्या आधीच्या आहेत, माझ्याच नजरेतून सुटल्या. तिघींनी विचारलंय, ताई, तुम्ही कुठे आहात? एकीने तर, कुठे आहात ते कळवा, वाट बघते, असं लिहिलंय. न पाहिलेल्या माणसांची ही आपुलकी! डोळे भरून आले. तिघींना लगेच उत्तर दिलं: मी बरी आहे, इथेच आहे, काळजी नसावी.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
त्या पानासाठी तीन परिच्छेदांचं क्षमापत्र लिहायला घेतलंय. पहिल्या परिच्छेदात क्षमा. दुसऱ्यात, हरवलेल्या गोष्टीबद्दल माणसाला काय वाटतं ते. तिसरा अडलाय. शेवट नुसता ‘धन्यवाद’ने करायचा म्हणजे दार लावून घेतल्यासारखं होतं.

आई म्हणाली, पान सापडत नाही तर पान शोध ना, पत्र काय लिहितेस? तिला लेखनातलं कळत नाही.

१७ नोव्हेंबर, दुपारी २.४५
शेवट सुचला: ‘आपण शोधत राहा. आम्हीही शोधत आहोत.’

वाक्य फार सुंदर आहे. पण खरं नाही. आम्ही शोधत नाही. दुपारपर्यंत मनाला लागून राहिलं. शेवटी ठेवलं, कारण इतकं चांगलं वाक्य माझ्या हातून पुन्हा होईल असं वाटत नाही. या महिन्यातलं माझं हे एकच खोटं. इथे नोंदवून ठेवते.

२१ नोव्हेंबर
काल त्रेपन्न! सगळे क्षमापत्रावर. लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येऊन वाचतायत.

मामा दुकानात डोकावला. मी म्हटलं, त्रेपन्न. तो म्हणाला, त्यातले दुकानात किती आले? मी म्हटलं, सुरुवातीला लोक फक्त येतात, मग येतात. त्याला समजलं नाही. मलाही बोलताना जेवढं समजलं होतं तेवढं आता समजत नाहीये.

२४ नोव्हेंबर, सकाळी १०.००
सहा दिवस उरले. तिसरा व्हिडिओ. माणूस म्हणाला, लोक खरंच काय टाइप करतात तोच पत्ता ठेवा. हे ऐकून डोक्यात लख्ख प्रकाश. इतके दिवस मी माझ्या मनाने चालले होते!

आईला विचारलं, मशीन अडलं तर तू सर्चमध्ये काय लिहिशील? म्हणाली, मी कशाला लिहू, घरात मेकॅनिक आहे. म्हटलं, समज नाहीये. ती म्हणाली, मग लिहीन, मेलं मशीन का चालत नाही.

अकरा लेखांना अकरा वेळा विचारलं. अकरा वेळा तिने तेच सांगितलं. शेवटच्या तीन वेळा माझ्याबद्दलही काही. आता पत्ते असे: ‘मेलं-मशीन-का-चालत-नाही’, मग ‘मेलं-मशीन-का-चालत-नाही-२’, असे अकरापर्यंत. पाचव्यांदा. यापुढे हात लावायचा नाही.

कुठला लेख कितवा, हे कागदावर लिहून ठेवलंय.

२७ नोव्हेंबर
तो कागद मिळत नाही. बहुतेक आईने त्यात सुया गुंडाळल्या. काळजीचं कारण नाही, लेख आहेतच.

बाबा आज दिवसभर खण पुसत होते. एकशे बारा. मी म्हटलं, काळजी करू नका, अजून तीन दिवस आहेत. म्हणाले, काळजी नाही, धूळ आहे.

२९ नोव्हेंबर
गिऱ्हाईक: नाही. क्षमापत्र: साठ.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ५.४०
मामा टेप घेऊन आलाय. तुलाच याचं टोक धरायला लावतो, म्हणाला. मी धरलेलं नाही. टेबलाखाली बसून लिहितेय.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२०
क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सहाला पाच कमी असताना एक शिंपीणबाई आल्या. खांद्याच्या पिशवीत मशीनचं डोकं. घामाघूम. दारातच थांबून भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, खण! हेच ते. एकशे बारा आहेत ना हो?

मी टेबलाखालून उठले. डोक्याला लागलं.

बाई म्हणाल्या, त्या शाळेचे गणवेश शिवतात, कारखान्यात बाराजणी आहेत. दोन महिन्यांपूर्वी एक मशीन टाके सोडायला लागलं तेव्हा कुणीतरी चौदा नंबरचा लेख काढून दिला. सुई उलटी निघाली. तेव्हापासून त्या लेखाचा पत्ता खडूने भिंतीवर लिहून ठेवलाय आणि मशीन अडलं की जी ती तोच उघडते. या महिन्यात काय झालं कुणास ठाऊक, उघडलं की कसलंसं रडगाणं येतं. आता या मशीनची सुई सुलटी आहे, तरी टाके सोडतंय. सुईनंतर काय बघायचं ते लेखात होतं, पण आठवेना. रोज बाराजणी उघडून बघतात. दुकान कुठे ते विचारलं तर उत्तर आलं, मी बरी आहे.

मग? बाबांनी विचारलं.

मग काय, त्या म्हणाल्या, लेखात एकशे बारा खणांचं लिहिलं होतं तेवढं लक्षात होतं. तीन दिवस काम सुटल्यावर मशीन खांद्यावर टाकून एकेका दुकानात खण मोजत फिरतेय. कालच्या दुकानात अठ्ठ्याण्णव निघाले.

मला इतका आनंद झाला की मी मामाच्या टेपचं टोक त्याच्या हातून सोडवलं. पण बाबांनी हात वर केला. म्हणाले, थांब, नीट विचारू दे. बाई, तुम्ही इंटरनेटवरून आलात का?

बाई म्हणाल्या, छे हो, तिथे काही मिळेल तर ना! पायी आले. विचारत विचारत.

मामा म्हणाला, ऐकलंत भावोजी? नाही म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायची संधी होती. लेखावरूनच तर आल्या, असं म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. मी म्हटलं, हो, नाही म्हणाल्या.

बाबांनी मशीन काढलं, सुईखालचं शटल सोडवलं, आत अडकलेला दोऱ्याचा तुकडा चिमट्याने ओढला, दोन थेंब तेल. चार मिनिटं. बाई म्हणाल्या, आणखी पाच मशिनं आहेत, उद्या टेम्पोत घालून आणू का? मग मामाकडे बघून म्हणाल्या, तुम्ही जरा बाजूला व्हा, ती तिथे ठेवावी लागतील. मामाने टेप गुंडाळली. आई नंतर म्हणाली, वीस वर्षांत त्याला एवढं चटकन ऐकताना मी पाहिलं नाही.

बाई गेल्यावर बाबा म्हणाले, शर्त आपण हरलो. पण पाच मशिनं घेतलीत, ती टाकून दुकान बंद करता येणार नाही. तेव्हा दुकान राहील. ब्लॉगमुळे नाही, हे मात्र स्पष्ट असू दे.

मग खण बंद करता करता, माझ्याकडे न बघता विचारलं: लेख हलवलास, तेव्हा जुन्या खणात चिठ्ठी टाकली होतीस का?

मी सात वर्षांची असताना टाकायचे.

३० नोव्हेंबर, रात्री ८.००
संकल्प: एक, दुकान कुठे आहे ते ब्लॉगवर लिहिणे. (अकराही लेखांचे वहीतले कच्चे खर्डे तपासले. कुठेच नाही.) दोन, प्रत्येक जुन्या पत्त्यावर चिठ्ठी. अकरा लेख, पाच वेळा, म्हणजे पंचावन्न चिठ्ठ्या. सुरुवात चौदा नंबरपासून. सकाळी बाराजणी उघडतील, त्याआधी व्हायला हवी.

चिठ्ठी सोपी आहे. ‘इथला माल अमुक मध्ये आहे.’ फक्त अमुक कोणता ते हवं. ‘मेलं-मशीन’ दोन की सात? दोन उघडलं, ते तेलाचं. सात उघडायला गेले आणि पत्ता लिहिताना काहीतरी चुकलं. क्षमापत्र आलं.

पूर्ण वाचलं. ‘आपण शोधत राहा. आम्हीही शोधत आहोत.’

सतरा तारखेची नोंद रद्द. ते वाक्य आता खरं आहे.