लाल कोटाबाहेरचा दिगू

प्रिय दिगू,

काल तुझा निकाल लागला, म्हणून आज लिहीत आहे. तुला जाऊन वर्ष व्हायचे आहे. कुरुंद्यात हळद शिजायला लागली की ते होईल. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात तुझ्या लेकीने, वैशालीने, तुझ्यावर लेख लिहिला होता. त्याखाली आठवडाभर चर्चा चालली आणि काल कोणीतरी शेरा मारला: ‘स्वतंत्र लेखास पात्र नाही. बँडच्या लेखात विलीन.’ आता तुझे नाव टाइप केले की पडद्यावर ‘नादमोहर ब्रास बँड, कुरुंदा’ उघडतो. शोधून शोधून खाली एक ओळ सापडते: ‘इतर सदस्य’. त्या इतरांत तू!

मी संतापले आहे. माझा संताप तुला ठाऊक आहे. आवाज चढत नाही, वाक्ये लांबतात.

आधी प्रतिपक्षाला न्याय देते. बत्तीस वर्षे वर्गात तर्कशास्त्र शिकवले, ते घरच्या माणसासाठी गुंडाळून ठेवता येत नाही. नियम असा: वाद्यवृंदातल्या सदस्याने वृंदाबाहेर स्वतःचे काही केले असेल आणि तटस्थ माणसाने ते कुठे छापले असेल, तरच त्याला वेगळा लेख. नियम चुकीचा नाही. नाहीतर प्रत्येक ढोलवाल्याच्या भाच्याने लेख लिहिला असता.

पण त्या शेरा मारणाऱ्याने त्या आठवडाभराच्या चर्चेत काय केले, ऐक. ‘नोंद सापडत नाही’ असे म्हणता म्हणता पुढच्याच वाक्यात तो ‘कार्य आढळत नाही’ यावर घसरला. दिगू, याच घसरगुंडीसाठी मी पहिल्या वर्षाच्या मुलांचे गुण कापत असे! दिवा लावला नाही म्हणून खोलीत माणूस नाही, असे कसे म्हणता येईल? आणि हा न्यायाधीश कोण? त्याला नाव नाही. टोपणनाव आहे, पुढे दोन आकडे. दुसऱ्याचे नाव राहावे की पुसावे हे ठरवायला बसलेला माणूस स्वतःचे नाव सांगत नाही, आणि याला तटस्थता म्हणायचे!

मी उत्तर दिले. माझ्या नावाने, ‘मी त्यांची बहीण’ असे आधीच सांगून दिले. दोन शब्दांत परतले: ‘हितसंबंध स्पष्ट.’ स्पष्टच आहेत. तू चड्डी सावरत माझ्यामागे शाळेत यायचास तेव्हापासून आहेत.

आता तुझ्यावरचा राग. तो कमी आहे असे समजू नकोस.

वर्तमानपत्रांनी बँडवर किती वेळा लिहिले! प्रत्येक वेळी फोटोत पुढे बँडचे मालक गफूरमास्तर आणि मागे लाल कोटांची रांग. एकदा एका बातमीदाराने तुझे नाव विचारले, तेव्हा तू काय म्हणालास? “मास्तरचं लिहा की. आमी समदे एकच.” मी घरी तुला विचारले, “नाव सांगायला काय झाले होते?” तू क्लॅरिनेटच्या जिभलीची पट्टी पुसत म्हणालास, “ताई, नाव काहून पाहिजे? लोक ऐकून राहिलेत ना बराबर?” लोक ऐकत होते, दिगू. पण ऐकलेले पुराव्यात धरत नाहीत, हे तुला कोण सांगणार होते? सांगितले असते तरी हसला असतास.

आणि लोकांना तर नेमके ठाऊक होते. वसमत तालुक्यात मुलीचा बाप ब्राह्मणाआधी गफूरमास्तरच्या ओट्यावर यायचा. “तारीख मागून धरू मास्तर. दिगंबर मोकळा हाय का, ते आधी सांगा.” मास्तर कपाळावर हात मारायचे: “अरे भाऊ, बँड माझा, कर्ज माझं, अन् मुहूर्त ह्याचा व्हय?” कारण नवरी वाटी लावायच्या, म्हणजे सासरी पाठवायच्या, वेळी मास्तर हात खाली करायचे. ढोल, ताशे, ट्रम्पेट, सगळे थांबायचे. मंडपापासून गाडीपर्यंत एकटी तुझी क्लॅरिनेट. त्या टप्प्यात बँड कुठे होता? वाद्ये खाली धरून उभा होता! मग तेव्हा तू कोणाचा सदस्य होतास?

हा युक्तिवाद मी लिहिला. उत्तर आले, ‘कार्यक्रम बँडचाच होता.’

तेव्हा वैशाली चिडली. “आत्या, हिंगोलीचा एक वार्ताहर ओळखीचा हाय. तुमी सांगाल तसं छापून देतो म्हणून राहिला. त्याचाच दाखला देऊ.” मी नाही म्हटले. ती ताटावरून उठली. “तुमाला नियम प्यारा का भाऊ प्यारा, तेवढं सांगा!” लेकरू रडत गेले. अजून बोलत नाही माझ्याशी. सांग, तुझ्या नावाखाली खोटा दाखला ठेवू? एक सूर इकडेतिकडे गेला तर रात्रभर जेवत नव्हतास तू!

तिला मी तेव्हा जे सांगितले नाही, ते तुला सांगते. बँडबाहेर तू एकदा वाजवले आहेस. मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यासाठी होते.

मी निवृत्त झाले तो दिवस. भाषणे संपली, मी फाटकाशी आले, तर तू उभा. लाल कोट नाही, झालर नाही, मास्तर नाहीत. पांढरा सदरा आणि हातात क्लॅरिनेट. मी लग्न केले नाही, त्यामुळे आपल्या घरातून माझी पाठवणी झालीच नव्हती. तू म्हणालास, “ताई, समद्या गावाच्या लेकी वाटी लावल्या. तुझी तेवढी राह्यली होती.”

“दिगू, लोक बघत आहेत.”

“बघू दे की. वऱ्हाड नको व्हय?”

आणि वाजवलेस. फाटकापासून रिक्षापर्यंत. प्राचार्य टोपी काढून उभे राहिले, ग्रंथालयातल्या बाई भिंतीकडे वळल्या, शिपायाने घंटा द्यायची ती दिली नाही. गटाबाहेरचे स्वतंत्र कार्य आणखी कसे असते? आणि तटस्थ साक्षीदार फाटकभर होते! त्यांतल्या एकानेही ते कधी लिहिले नाही. सगळी शिकलेली माणसे, दिगू. मी सोडून कोणाचाही तुझ्याशी हितसंबंध नव्हता, आणि त्यांच्यातले कोणी लिहिले नाही.

म्हणून हे वचन. त्या फाटकातला जो जो हयात आहे, त्याच्या दारी मी जाईन. ज्यांना तू वाटी लावलेस त्या लेकी नांदतात त्या गावांनाही जाईन. बरोबर वैशालीला नेईन. आली नाही तर ओढून नेईन. मी फक्त विचारीन, ‘त्या दिवशी काय ऐकलेत ते तुमच्या नावाने लिहाल का?’ शब्द सुचवणार नाही. छापून येईपर्यंत वाचणार नाही. कोणी लिहिले की सूर चढा लागला होता, तर तेही राहील. नवा पुरावा आला की चर्चा पुन्हा उघडता येते, हाही त्यांचाच नियम आहे. नियम मलाही वाचता येतात.

तोवर तू त्या इतरांत पडून राहा. रागावू नकोस, बँडमध्येही नेमकी वेळ येईपर्यंत तू गप्पच उभा असायचास.

तुझ्या क्लॅरिनेटने वाटी लावलेली,
ताई