केरबाच्या फ्लेक्सवरचा मजकूर

७ मे, बुधवार

ह्यांची सुट्टी रद्द. सकाळीच फोन — उद्या निघायचं. सासूबाई भाकऱ्या थापत राहिल्या.

गावातला जवान सीमेवर निघाला की स्टँडवर फ्लेक्स लागतो. मग ह्यांचा का नको? केरबाभावजी भावकीतलेच, फ्लेक्सचं दुकान त्यांचं. मीच त्यांना फोनवर मजकूर पाठवला. नाव, पलटण, कुठल्या तळावर चाललेत, कराडहून किती वाजताची गाडी — सगळं. ह्यांना सांगितलं नाही. म्हटलं, बघून खूश होतील.

८ मे

कसले खूश! फ्लेक्स बघितला आणि चेहरा काळाठिक्कर पडला. स्वतः चढून फाडला. "कुणी सांगितलं रं केरबाला? कुणी?" मी ओवाळणीचं ताट घेऊन उभी. ताट घेऊन मागं सरकले. फोटो तोवर मोबाईलवर गावोगाव गेलेला.

९ मे



दुपारी एकटाच हवालदार आला. हवालदार दुकानासमोर सगळ्यांदेखत म्हणाला, "एरवी समज देऊन सोडलं असतं. आता लढाई चालू हाय. सैन्याची माहिती फोडली म्हंजे चौदा वर्षं आत. मजकूर देणाराबी आत." तेवढ्यात कुणीतरी उठवलं, त्याच तळावर ड्रोन पडलं. मग कोण ऐकतंय? लोकांनी भावजींना दुकानातून फरफटत काढलं. फ्लेक्सच्याच लोखंडी पट्टीनं मारलं. डोकं फुटलं, कानातनं रक्त. हवालदार एकटा, त्यालाही ढकललं. भावजींचा मोबाईल दगडानं ठेचला.

"मजकूर कुणी दिला, बोल!"

भावजींनी मान वर केली. गर्दीतनं मला शोधलं. तोंड उघडलं — आणि मी पुढं होऊन पायातली चप्पल त्यांच्या तोंडावर मारली. एकदा नाही. तीन-चार वेळा, बोलू नये म्हणून. लोक म्हणाले, जवानाची बायको शोभते.

१० मे

संध्याकाळी लढाई थांबली. ह्यांचा फोन आला, सुखरूप आहेत. तळावर ड्रोन वगैरे काही पडलंच नव्हतं. गावात पेढे वाटले. मला एक गिळवेना.

भावजी दवाखान्यात, पोलिसांच्या पहाऱ्यात. त्यांची बायको रेश्मा दाराशी आली. "ताई, आता लढाई थांबली. ह्यास्नी सोडतील न्हवं?" मग हवालदाराला जाऊन विचारलं तिनं. तो म्हणाला, गुन्हा लढाईतला हाय, कलम तेच राहणार. मी तिला आतसुद्धा घेतलं नाही. लाज वाटते माझी मलाच.

११ मे

जबडा मोडलाय त्यांचा. दवाखान्यात भावजींनी पोलिसांना कागदावर लिहून दिलं — "मजकूर माझाच." चौदा वर्षं! रेश्माचं पोर अजून रांगतंय.

१२ मे

सहन होईना. ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. मजकूर माझा, चप्पलही माझी. वाटलं, शिव्या घालतील.

"ठावं हाय," म्हणाले. "गाडीची वेळ तुला एकटीलाच सांगितली होती. म्हणून तर पोलिसांना मीच फोन केला, केरबाचं नाव दिलं. तू गप ऱ्हा."

पदर खोचला. पोलीस ठाण्यात निघालेय.