फळा तसाच ठेवलाय

प्रिय गुरुजी,

तुम्ही गेलात तेव्हा नव्हे, आज दुपारी हेडमास्तरांनी माझ्या हातात ओलं फडकं दिलं तेव्हा सगळं बदललं. म्हणून तुमच्याच टेबलाशी बसून लिहितोय. राग तुमच्यावरच आहे.

तुमच्या वर्गात चुकलेलं गणित पुसायचं नाही, हा रिवाज. "वाट कुठं चुकली रे? मागं जाऊन बघ," एवढंच म्हणायचात. तुम्ही निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. भागाकाराला तोंडातून 'तकसीम' निघायचं, पोरं हसायची, तुम्हीही हसायचात. चुकायची भीतीच ठेवली नाहीत. बाहेर असं नसतं, हे का नाही सांगितलंत?

कॉलेजात सर नुसतं वाचून दाखवायचे, आम्ही उतरवून घ्यायचं. मी उठून विचारलं, "हे असं का?" ते म्हणाले, "खाली बस, नाहीतर चालता हो." मी चालता झालो तो कायमचाच.

आता तुमच्या जागी तात्पुरता लागलोय. तुमच्या वर्गातली कुसुम आठवते ना? परवा म्हणाली, "ही नोकरी तरी टिकव. न्हायतर आमचे आप्पा माझ्यासाठी मुरुम गावचं स्थळ पक्कं करत्यात. गप बसायला काय जातं रे तुझं?"

उद्या तपासणी आहे. फळ्यावर लक्ष्मणचं चुकलेलं गणित. घरी जाताना तो म्हणाला, "गुरुजी, पुसू नका. उद्या सापडंल मला." मला गुरुजी म्हणणारा हा पहिलाच.

हेडमास्तर म्हणाले, "पुसा ते. साहेबांना वाटंल, पोरांना काय येत न्हाय."

"त्याला उद्या सापडेल."

"तुमचे गुरुजी गेले, त्यांचे लाडबी गेले. सकाळी फळा साफ न्हाय दिसला, तर तुमीबी दिसू नका."

तुम्ही असता तर साहेबांना चहा पाजून, हसत हसत पटवलं असतं. माझं डोकं भडकतं. तुमची रीत मला दिलीत, तुमचा धीर कुणाला देऊन गेलात?

तरी शब्द देतो. उद्या साहेबांसमोर लक्ष्मणलाच फळ्याशी उभं करीन, अन् त्याला सापडेपर्यंत तोंड मिटून थांबेन. कुसुमला काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.

फडकं पिळून खिडकीत वाळत घातलंय. फळा तसाच आहे. आता निघतो, अन् दार ओढून घेतो.

तुमचा,
दिगंबर