आपल्यापैकी कुणी

१२ मे, शनिवार

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. पुढचं वाचून ते परत करावेसे वाटले तर खुशाल कर.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण दिवसाचे नऊ तास विमानतळाच्या गेटवर उभं राहिल्यावर ते गाणी थोडीच म्हणणार? तिकिटं स्वस्त झाल्यापासून आपल्या बेटावर माणसांचा नुसता पूर आलाय. दोन विमानांपुरत्या बांधलेल्या त्या इमारतीत आता दिवसाला सतरा विमानं येतात. लोक बॅगांवर बसतात, जिन्यात झोपतात, समुद्रातून निघून ओल्या चड्डीतच रांगेत उभे राहतात. बायकांच्या बाथरूमची रांग तपासणीच्या रांगेत मिसळते आणि अर्ध्या तासाने कुणीतरी भलत्याच दारातून बाहेर पडतं. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

बाबांची खोली अजून तशीच आहे. आवरायला जाते आणि दार लोटून परत येते. फोनवर त्यांचा विषय निघाला की तू म्हणतोस, शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही त्यांनी. मी गप्प बसते. सहा महिने झाले, गप्पच बसलेय.

आमच्याकडे विमानातल्या जागांपेक्षा दोन-चार तिकिटं जास्त विकतात. कुणी ना कुणी येत नाहीच, या भरवशावर. सगळेच आले की कुणाला तरी मागे ठेवायचं, आणि ते काम माझं. पर्यटक ऐकत नाहीत, अंगावर येतात. म्हणून मी एक युक्ती काढली होती. आधी ठरलेली घोषणा करायची, आणि माइक बंद करण्याआधी आपल्या बोलीत हळूच म्हणायचं, "आपल्यापैकी कुणी थांबलं तर माझ्यावर उपकार होतील." बेटावरचं कुणीतरी उठायचंच. साहेब माझी पाठ थोपटायचे.

त्या मंगळवारीही मी तसंच म्हणाले. रांगेतून बाबा पुढे आले.

इस्त्रीचा शर्ट घातला होता. तू टपालाने पाठवलेलं तिकीट त्यांनी ठेवून घेतलं होतं आणि मी चिडवेन म्हणून मला पत्ता लागू दिला नव्हता. सात वर्षांचा अबोला मोडून तुझ्याकडे निघालेला माणूस मला म्हणाला, "आवाजावरूनच कळलं, फार दमलीस. मी उद्या जातो."

लोक काउंटरवर मुठी आपटत होते. मी त्यांच्या बोर्डिंग पासवर तुझ्या शहराचं नाव वाचलं. मला सगळं कळलं, बारक्या. तरीही मी तो पास त्यांच्या हातातून घेतला आणि एका आरडाओरडा करणाऱ्या माणसाला आत सोडलं.

जाताना ते म्हणाले, त्याला तूच कळव. पुढची जागा शनिवारची मिळाली. पण तू तिकडच्या विमानतळावरून फोन केलास, बाबा उतरले नाहीत म्हणालास, तेव्हा माझी जीभ रेटेना. त्यांचं मन फिरलं असेल, असं मी बोलून गेले. वाटलं, शनिवारी ते तुझ्या दारात उभे राहिले की सगळं आपोआप निस्तरेल. शुक्रवारी सकाळी ते बाथरूममध्ये पडले, ते उठलेच नाहीत. अंत्यविधीला यायला तुला विमानात जागा मिळाली नाही, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. मला लाज वाटत होती, आणि तुझी भीती.

ती युक्ती मी सोडली आहे. साहेब चिडतात, चिडू देत.

परवा तुझ्या बायकोशी बोलताना कळलं, तू मुलांना सांगितलंयस की आजोबांना आपल्याकडे यायचंच नव्हतं. तेवढं बदल. ते निघाले होते, रांगेत उभे होते, त्यांना आत्याने मागे ठेवलं. माझ्याशी बोलायचं की नाही ते सावकाश ठरव, पण मुलांना आजच सांग.

तुझी, बाबांना थांबवणारी,
ताई