यंदाची नवी चाल

२ मार्च, सकाळ
कव्वाली सोडली. कायमची. याआधी भीमगीतं, ऑर्केस्ट्रा, हळदीची गाणी आणि गझल सोडली. कलावंतानं एका जागी थांबू नये. आता फ्युजन. आमच्या झरी गावात अजून कुणी केलेलं नाही.

जयंती कमिटीचा अध्यक्ष यंदा पंडित. तरुणपणापासून माझ्यामागं ढोलकी वाजवलेला माणूस. त्यानं निरोप धाडला, चौदा एप्रिलला स्टेज पाहिजे तर नवी चाल आण, नाहीतर स्टेज पप्पूला. पप्पू म्हणजे लॅपटॉपची बटणं दाबणारा. मला हसू आलं. नवी चाल ही माझी स्पेशालिटी. रात्री झोप लागली नाही, पण ते उकाड्यामुळं.

३ मार्च
उद्यापासून पहाटे चारला रियाज.

४ मार्च, साडेनऊ
आत्ता उठलो. आवाजाला विश्रांती लागते.

९ मार्च
फ्युजन तयार. एका बैठकीत. पंडितला ऐकवलं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं ठेका धरला आणि समेवर बरोबर आला. मग म्हणाला, ही तुझी कव्वालीच हाय. मी म्हणालो, कव्वालीत टाळ्या असतात, यात कुठं आहेत? तो म्हणाला, कव्वालीच्या आधी हीच गझल होती, अन् त्याच्या आधी हळदीचं गाणं. ढोलकीवाल्याला सुरातलं काय कळणार. ही ती चाल नव्हे. लेखी देतो.

१५ मार्च
फ्युजन सोडलं. रॅप. रॅपला चालच नसते, म्हणजे पंडितला बोलायला जागा नाही. पिंगळी स्टेशनच्या बाकावर बसून लिहिला. विषय सिस्टिम. म्हणून पाहिला तर आपोआप गायला लागलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, हे आमच्या पोरीच्या लग्नात वाजलतं. पोरीला आता दोन लेकरं आहेत म्हणे. यावरून कळतं, मी काळाच्या किती पुढं होतो.

२३ मार्च
मेव्हण्याकडं पालमला. मोकळ्या डोक्यानं काहीतरी सुचेल म्हणून. एसटीचा पत्रा सगळ्या रस्त्यानं तीच चाल वाजवत होता. कंडक्टरला म्हणालो, पत्रा ठोकून घ्या. तो माझ्याकडं बघतच राहिला. पालमलाही तीच. जिकडं जावं तिकडं तीच चाल आधीच जाऊन बसलेली. भीती वाटली. लिहू नये, पण वाटली.

२९ मार्च
दोष सापडला! पेटी. वडिलांच्या वेळची. वरच्या पट्ट्या वाजतच नाहीत. म्हणजे मी अडकलोच नव्हतो, पेटी अडकलेली. किती हलकं वाटलं. बायकोला, सरजाला, सांगितलं. ती म्हणाली, मग इतकी वर्षं दुरुस्त का न्हाई केली? तिला प्रोसेस समजत नाही.

३१ मार्च
सरजानं पेटी उघडली, फुंकर मारली, फडक्यानं पुसली. सगळे सूर वाजले. बिघाड नव्हता. नुसती धूळ. म्हणाली, तुमी ह्या पट्ट्यांवर कदी बोटच ठिवत न्हाईत. यावर नंतर विचार करीन.

१२ एप्रिल, संध्याकाळ
अखेर जमली. अगदी नवी. वरच्या सगळ्या पट्ट्या वापरल्या. शब्द नाहीत, नुसती चाल. पहिली ओळ वाजवली. आत भाकरी थापता थापता सरजानं पुढची ओळ गुणगुणली.

मी अजून वाजवली नव्हती.

पट्टी बदलली. तिनंही बदलली. मी थांबलो. ती न थांबता शेवटपर्यंत गेली, बरोबर माझ्या जागेवर.

१३ एप्रिल
कमिटीला कळवलं, घसा बसलाय. डॉक्टरनं गायला मनाई केली आहे. कोणता डॉक्टर, ते पंडितनं विचारलं नाही. निदान विचारायला तरी पाहिजे होतं.

१४ एप्रिल
प्रेक्षकांत बसलो. पप्पूनं बटण दाबलं आणि माझी चाल सुरू झाली. खाली दणदणीत बेस, वर पंडितची ढोलकी. अख्खं झरी उठून नाचायला लागलं. माझ्या गाण्यावर गाव असं कधी उठलं नव्हतं. निवेदक माइकवर म्हणाला, चाल पारंपरिक आहे, कुणाची ते ठाऊक नाही.

अंगाचा जाळ झाला. उठून स्टेजकडं निघालोसुद्धा. पण काय सांगणार? महिनाभर पंडितशी भांडलो की ही ती चाल नव्हेच.

सरजानं हात धरला. म्हणाली, "सांगा की. तुमचीच हाय ती. तुमच्यापाशी तेवढी एकच हाय."

मी म्हणालो, घसा बसलाय. मग उभाच होतो, तर सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.