आजाऱ्याला भेटायचं तर चाला

काचीगुडा, हैदराबाद

चि. धम्मानंदास भामाअक्काचा जय भीम. लंडनची थंडी कशी आहे, तुझ्या हृदयाच्या नळीत बसवलेली स्प्रिंग नीट आहे ना? मी ठणठणीत आहे. फोनवर तू हौ हौ म्हणतोस आणि दुसरंच बोलतोस, म्हणून कागदावर लिहितेय. सूनबाई रेणुका कागदाचा फोटो काढून पाठवील. अक्षराला हसू नको, चौथीपर्यंतचंच आहे.

तुझ्या दाजींना स्प्रिंग बसवून पाच आठवडे झाले. तुला तिकडे सरकारनं चिठ्ठी पाठवून बोलावलं, आठ आठवडे व्यायामाचा फुकट वर्ग, सायकल, नाडी बघायला नर्सबाई. इथं घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "चालत राहा." किती, कसं, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत. (एका मोठ्या दवाखान्यात असा वर्ग आहे म्हणे, पण दोन बस बदलून जायचं. पोचेपर्यंतच माणसाचा व्यायाम होतो.)

त्यात आपली माणसं. भेटायला आलेल्याला आजारी माणूस पडलेलाच दिसायला पाहिजे. दिलसुखनगरच्या सावित्रीबाई आल्या तेव्हा हे बसून चहा पीत होते. "काही झालेलं तर दिसत नाही," म्हणाल्या, तोंड पाडून. तेव्हापासून बेल वाजली की हे आडवे होऊन चादर ओढतात, दिवसातून सहा वेळा. मी परेशान! मग दारातच सांगायला लागले, भेटायचं असेल तर यांच्याबरोबर गल्लीत चार फेऱ्या मारा, चहापाणी नंतर. सावित्रीबाई दुसऱ्याच फेरीला ओट्यावर बसल्या, "भामा, आता मला भेटायला कोण येणार गं?" परवा सात जण चालत होते. शेजारची भाग्यलक्ष्मी विचारते, मिरवणूक कुणाची?

माझ्या भावजयीला, रोशनीला, आशीर्वाद सांग.

तुझी
भामाअक्का

ता. क. खरं काम हे. तिसऱ्या फेरीला हे थांबतात, छातीवर हात ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. दम लागला का नुसती भीती वाटली, त्यांनाही सांगता येत नाही. मी खाली बसवते आणि पदरानं वारा घालत राहते. किती चालवायचं, कधी थांबवायचं, तेवढं तुझ्या नर्सबाईला विचार.

आणखी ता. क. आत्ताच रोशनीचा फोन आला. तू त्या वर्गाला एकदाही गेला नाहीस म्हणे, बायांसमोर हातपाय हलवायची लाज वाटते! गाढवा, वरचं खोडत नाही, कागद एकच आहे. मंगळवारच्या वर्गाला जा. स्वतःसाठी जाववत नसेल तर दाजींसाठी जा, आणि त्यांच्या तिसऱ्या फेरीचं विचारल्याशिवाय घरी येऊ नको.