दगडाच्या बाईच्या पाया पडलो

१२ ऑक्टोबर २०१८, जिनोआ
वारली चित्रं काढायला गंजाडहून इतक्या लांब बोलावलं, आणि भिंत अजून ओलीच! हात नुसते शिवशिवतायत. म्हणून आज इथल्या यजमानीण बाईंनी पुतळे बघायला नेलं. मोठी बाग. दगडाच्या झग्याला दगडाचीच झालर — काय हात असेल! एक बाई पोर कुशीत घेऊन बसलेली. मला वाटलं, इथली देवी. बूट काढले, डोकं टेकवलं. घरी बायकोला, सुकीला, सातवा महिना लागलाय, सुखरूप सुटू दे म्हटलं.

माझ्यासोबत चित्रं काढायला आलेला चिमणकाका मागून आला. "उठ रं. मसण आहे हे." यजमानीण बाईंना विचारून आला होता. ती दगडाची बाई बाळंतपणात गेलेली, पोरासकट.

बायको पोटुशी असली की आमच्यात नवरा मसणाच्या वाटेला जात नाही. सख्ख्या मामाला पोचवायला मी गेलो नव्हतो, घरी बसलो. आणि इथे आपल्या पायाने गेलो, वर मागणंही मागितलं!

१३ ऑक्टोबर
काल कपड्यांसकट अंघोळ केली. तरी चैन नाही. काका म्हणतो, "परक्याचं मसण आपल्याला कशाला लागंल? त्यांना आपली भाषा तरी समजते का?" स्वतः मात्र दोनदा नाहला.

१५ ऑक्टोबर
फोन लागला. सुकी म्हणाली, "बरं आहे. तू जेवलास का?" आवाज बसलेला. सर्दी म्हणाली. पोर लाथा मारतं का विचारलं, तर फोन आईकडे दिला. लाजली असेल. मसणाचं सांगायचं होतं, धीर झाला नाही.

१९ ऑक्टोबर
भिंत सुरू. काकाने मधे तारपा फुंकणारा तारपेवाला काढला, मी भोवतीची नाचणारी माणसं. त्यात एक पोटुशी काढली. मग भीती वाटली, तिच्यावर गेरू फिरवला.

२२ ऑक्टोबर
फोन लागत नाही. सकाळपासून पाचदा लावला.

२७ ऑक्टोबर, गंजाड
सुकी दारात उभी. पोट नव्हतं. मी तिथेच बसलो, म्हटलं माझ्यामुळे झालं, मी मसणात गेलो होतो. तिने हात धरला. "तू विमानात बसलास त्याच दिवशी गेलं. सांगितलं असतं तर काम टाकून आला असतास."

म्हणजे मी मागत होतो तेव्हा मागायला काही उरलंच नव्हतं. माझ्यामुळे झालं नाही हे ऐकून आधी हलकं वाटलं. म्हणूनच आता सुकीच्या तोंडाकडे बघवत नाही.